डायलिसिसच्या रुग्णाचं लोह कुणाच्या सांगण्यावरून बंद करता?

डायलिसिस चालू असलेल्या माणसाला शिरेतून लोह देऊ नये, त्याने शरीर आतून गंजतं, असं छातीठोकपणे सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं साधारण असं असतं. या रुग्णांच्या रक्तातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं आधीच खालावलेली असतात. लोह ऑक्सिडीकरणाला चालना देतं. त्यात रुग्णाचं फेरिटिन पाचशे-सहाशेच्या घरात, म्हणजे लोहाचा साठा गरजेपेक्षा जास्तच. तेव्हा आयर्न सुक्रोजचं इंजेक्शन थांबवा, ई आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करा, बिटाचा, डाळिंबाचा, गव्हांकुराचा रस द्या. लोह हवंच असेल तर खजूर, मनुका आणि गूळ आहेच की घरात.

हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या शोधनिबंधात सापडतं, म्हणून शिकलेली माणसंही त्याला बळी पडतात. मग डायलिसिस संपत आल्यावर टेक्निशियन लोहाची बाटली लावायला येतो आणि नातेवाईक त्याचा हात धरतात. तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन सातवर येतं, जिना चढताना धाप लागते आणि रक्ताच्या पिशवीसाठी धावाधाव सुरू होते. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो. ज्या चाचण्यांच्या आकड्यांवर हा डोलारा उभा आहे, त्या चाचण्या विद्यार्थ्यांकडून करून घेतो. त्यांतून काय कळतं आणि काय कळत नाही, हे स्पष्ट सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवलं की हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत फेरस रूपातलं लोह असलं की टार्टारिक आम्लाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं. याच प्रक्रियेत हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, हे पुढे कळलं. हे रॅडिकल पेशीच्या आवरणातला मेद, प्रथिनं, डीएनए कशालाच सोडत नाही. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २००० साली डायलिसिसच्या २२ रुग्णांना १०० मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज दिलं, तेव्हा रक्तातल्या मेदाच्या ऑक्सिडीकरणाची खूण वाढली. आधी ई जीवनसत्त्वाचा १२०० युनिटचा एकच डोस दिला तर ही वाढ कमी झाली. फ्रान्समध्ये रोस्टोकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ११९ रुग्णांच्या यकृताचं एमआरआय करून लोह मोजलं. त्यांतल्या ८४ टक्क्यांच्या यकृतात ते प्रमाणाबाहेर होतं. जपानमधले डॉक्टर लोह फार हात राखून देतात. तिथल्या रुग्णांचं फेरिटिन बहुधा शंभराच्या आसपास किंवा खाली असतं, अमेरिकेत ते सातशे-आठशेच्या घरात जातं, आणि आयुर्मानात जपानी रुग्ण पुढे आहेत. यातलं काहीही मी नाकारत नाही. लोह बेहिशेबी देऊ नये, हा या पुराव्याचा अर्थ आहे. लोह देऊच नये, असा अर्थ त्यातून कसाही ओढला तरी निघत नाही.

आता ‘अँटिऑक्सिडंट पातळी’ या शब्दप्रयोगाकडे येऊ, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. रक्तात साखर असते, तशी अँटिऑक्सिडंट नावाची एक वस्तू नसते. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, युरिक आम्ल, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, ग्लुटाथायोन आणि निरनिराळी विकरं मिळून हे काम करतात. प्रत्येकाचं ठिकाण वेगळं आणि घडण्या-मोडण्याचा मार्ग वेगळा. या सगळ्यांची मिळून एक ‘एकूण क्षमता’ मोजण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांतली एक फ्रॅप. नमुन्यातली द्रव्यं फेरिक लोहाला फेरसमध्ये किती बदलतात हे त्यात निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजतात. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात या निळ्या रंगाचा निम्म्याहून मोठा वाटा एकट्या युरिक आम्लाचा असतो. आणि मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसात काय साठतं? युरिक आम्ल. म्हणून डायलिसिसच्या आधी घेतलेल्या नमुन्यात एकूण क्षमता पुष्कळदा निरोगी माणसापेक्षा जास्त दिसते, आणि चार तासांनी यंत्राने युरिक आम्ल धुऊन काढलं की धाडकन खाली येते. हा आकडा खरा मानला तर डायलिसिस न केलेला माणूस अधिक सुरक्षित ठरतो. असं कोणी म्हणणार आहे का?

दुसरा आवडता आकडा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचा. डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तद्रवात हे विकर कमी भरतं, म्हणजे त्यांची संरक्षक फळी ढासळली, म्हणजे गोळ्या द्या, असं सांगतात. पण रक्तद्रवातलं हे विकर मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होतं. मूत्रपिंडच निकामी झालं की त्याचं प्रमाण घटणारच. बिटाच्या रसाने किंवा ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलने ती जागा भरून निघत नाही. क्रिएटिनिन वाढलं म्हणून मांस खाणं कारणीभूत धरावं, तेवढाच हा निष्कर्ष बरोबर आहे.

तिसरा आकडा मॅलॉनडायअल्डिहाइडचा, म्हणजे एमडीएचा. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तीस-चाळीस रुग्णांच्या असंख्य छोट्या अभ्यासांचा हाच नायक. ही चाचणी कशी होते ते थोडं जवळून पाहा. रक्तद्रवात आम्ल आणि थायोबार्बिट्युरिक आम्ल घालायचं, नळ्या उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवायच्या, थंड करून आलेला गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरवर वाचायचा. रंग मस्त येतो, पहिल्यांदा करणारे विद्यार्थी खूश होतात. पण हा गुलाबी रंग एकट्या एमडीएचा नसतो. काही शर्करा, बिलिरुबिन आणि इतर अल्डिहाइडही त्यात भर घालतात. शिवाय उकळतानाच नळीतल्या मेदाचं ऑक्सिडीकरण होतं, आणि नळीत मोकळं लोह असेल तर ते जोरात होतं. म्हणजे लोह दिल्यानंतर लगेच काढलेल्या नमुन्यात वाढलेला एमडीए रुग्णाच्या शरीरात तयार झाला की आमच्या पाण्याच्या भांड्यात, हे सांगायला आधी लोह बांधून ठेवणारं आणि ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य घालावं लागतं. शिस्तीच्या प्रयोगशाळा ते घालतात. सगळ्याच घालत नाहीत. त्यात डायलिसिसआधी आणि डायलिसिसनंतर अशी तुलना असली, तर मधल्या काळात शरीरातून दोन-तीन लिटर पाणी काढलेलं असतं. रक्त घट्ट होतं आणि प्रथिनांना बांधलेली सगळीच द्रव्यं वाढलेली दिसतात. ही वजावट न करता काढलेले ‘पी’चे आकडे किती चमकदार असले तरी रुग्णाच्या औषधाचा निर्णय त्यांच्यावर घेता येत नाही.

लोह आणि अँटिऑक्सिडंट यांना एकमेकांचे वैरी ठरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाल पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करणारं कॅटलेज हे विकर शरीराच्या संरक्षक फळीतलं बिनीचं आहे. त्याच्या गाभ्यात हीम असतं आणि हीमच्या मध्यभागी लोह. लोह मिळालं नाही तर हे विकरही उणं पडतं. उलट, ज्या क जीवनसत्त्वाला हे लोक रामबाण समजतात ते फेरिक लोहाला फेरस बनवतं, आणि फेंटनच्या क्रियेला नेमकं फेरसच लागतं. मोकळं लोह हजर असताना क जीवनसत्त्वाचा मोठा डोस आग विझवेल की भडकवेल, हे परिस्थितीवर ठरतं. डायलिसिसच्या माणसाला आणखी एक धोका आहे. जास्तीच्या क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं. निरोगी माणूस ते लघवीतून टाकतो, याला तो मार्ग नाही. महिनोन्‌महिने हजार-हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतल्या तर ऑक्झलेट हाडांत, सांध्यांत, हृदयात साचू शकतं. डायलिसिसमध्ये वाहून जाणारं क जीवनसत्त्व भरून काढायला दिवसाला ६० ते १०० मिलिग्रॅम पुरतं आणि तेवढं डॉक्टर देतात.

आता लोह जातं कुठे ते पाहू, कारण हा प्रश्न विरोधक कधी विचारतच नाहीत. डायलिसिस संपताना सलाईनने रक्त परत शरीरात ढकलतात, तरी फिल्टरच्या बारीक नळ्यांमध्ये आणि पाइपात थोडं रक्त उरतंच. फिल्टर उचलून उजेडात धरला तर अडकलेले लाल धागे उघड्या डोळ्यांना दिसतात. फिस्टुलाच्या सुया काढल्यावर बोळ्यावर रक्त येतं. दर महिन्याला तपासण्यांसाठी नळ्या भरतात. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनमुळे आणि युरेमियामुळे, म्हणजे रक्तात टाकाऊ द्रव्यं साचल्यामुळे, आतड्यातूनही थोडं थोडं झिरपतं. या सगळ्याची बेरीज वर्षाला एक ते दोन ग्रॅम लोह, म्हणजे दिवसाला अंदाजे तीन ते साडेपाच मिलिग्रॅम. धडधाकट माणूस अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम शोषतो आणि तेवढंच गमावतो. त्याचा हिशोब जुळतो, याचा जुळत नाही.

बरं, अन्नातून जास्त दिलं तरी आतडं ते आत घेत नाही. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक २००० च्या सुमारास सापडलं आणि कोड्याचा मोठा भाग सुटला. हेप्सिडिन वाढलं की आतड्याच्या पेशीतून रक्तात लोह सोडणारं फेरोपोर्टिनचं दार बंद होतं. डायलिसिसच्या रुग्णात आतल्या आत सूज (दाह) असते म्हणून हेप्सिडिन वाढतं, आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही म्हणून आणखी साचतं. लोहाच्या साध्या गोळ्या या रुग्णांना फारशा लागू पडत नाहीत त्याचं हे मुख्य कारण. त्यात आम्लपित्ताच्या गोळ्या आणि फॉस्फरस बांधणारी औषधं शोषण आणखी कमी करतात.

तरीही खजुराचा आग्रह धरणाऱ्यांसाठी हिशोब करू, आणि तो त्यांच्या बाजूने सढळ हाताने करू. शंभर ग्रॅम खजुरात साधारण एक मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं दहा टक्के शोषलं गेलं असं धरू, जे या रुग्णात होणं कठीण. दिवसाला तीन मिलिग्रॅमची गळती भरायला तीस मिलिग्रॅम लोह पोटात जायला हवं, म्हणजे रोज तीन किलो खजूर. शंभर ग्रॅम खजुरात पोटॅशियम साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तीन किलोत जवळजवळ वीस ग्रॅम. या रुग्णांना दिवसाला दोन-तीन ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. खजुरासाठी केलेला हा हिशोब बिटाचा रस, डाळिंबाचा रस, पालक आणि नारळपाणी यांनाही थोड्याफार फरकाने लागू आहे. आपल्याकडे बहुसंख्य रुग्णांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होतं, त्यामुळे दोन डायलिसिसमधलं तीन-चार दिवसांचं अंतर हीच सर्वांत धोक्याची वेळ. पोटॅशियम वाढून हृदय थांबतं तेव्हा आधी सूचना मिळत नाही. कमरकाचा रस तर या रुग्णांच्या आसपासही नको, त्यातलं एक विषारी द्रव्य मूत्रपिंड नसलेल्या माणसाच्या मेंदूवर घाला घालतं. उचक्या, गोंधळलेपणा, झटके आणि मृत्यूही झालेले आहेत. ‘अँटिऑक्सिडंटने भरलेलं फळ’ म्हणून ते कुणी आणून दिलं तर हात जोडून परत करावं.

पण मोजमापातल्या चुका आणि खजुराचं गणित बाजूला ठेवू. शेवटी प्रश्न एकच: अँटिऑक्सिडंट दिल्याने डायलिसिसची माणसं जास्त जगली का, आणि लोह दिल्याने कमी जगली का? यावर रुग्णांच्या गटांना चिठ्ठ्या टाकून विभागून केलेले प्रयोग आहेत.

विरोधकांचा हुकमाचा पत्ता म्हणजे इस्रायलमधला ‘स्पेस’ हा अभ्यास. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आधीच हृदयविकार असलेले डायलिसिसचे १९६ रुग्ण, रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व किंवा प्लासिबो. हृदयविकाराच्या घटना ई घेणाऱ्यांत १६ टक्के, न घेणाऱ्यांत ३३ टक्के. निकाल प्रभावी आहे. पण त्यातल्या घटनांची संख्या अगदी लहान आहे आणि मृत्यूंत ठळक फरक नव्हता. एवढ्या छोट्या अभ्यासाचा निकाल मोठ्या अभ्यासात टिकला तरच औषध ठरतं, आणि तो तसा टिकलेला नाही.

यापुढची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. मूत्रपिंडाच्या आजारातल्या हृदयविकाराचं मूळ ऑक्सिडीकरणाच्या ताणात आहे, ही कल्पना जोराने मांडणाऱ्यांत जोनाथन हिमेलफार्ब हे नाव अग्रभागी होतं. २००२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती सविस्तर लिहिली. विरोधक आजही नकळत त्यांचीच वाक्यं उगाळतात. त्याच हिमेलफार्बांनी ‘पाथ’ नावाचा अभ्यास केला. डायलिसिसच्या ३५३ रुग्णांना सहा महिने ई जीवनसत्त्वाची मिश्र रूपं आणि अल्फा लिपोइक आम्ल दिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापला: सूज कमी झाली नाही, ऑक्सिडीकरणाच्या खुणा बदलल्या नाहीत, लाल पेशी वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची गरजही घटली नाही. स्वतःच्या लाडक्या कल्पनेची परीक्षा घेऊन उत्तर नकारार्थी आल्यावर ते लपवलं नाही, याला वैज्ञानिक म्हणतात. त्यांची २००२ ची वाक्यं सांगून २०१४ चा निकाल गाळणं हा रुग्णांवर अन्याय आहे.

बार्डॉक्सोलोनचं प्रकरण याहून बोलकं आहे. शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करणारं हे औषध. ‘बीकन’ या अभ्यासात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा पुढच्या टप्प्याचा आजार असलेल्या २१८५ रुग्णांवर ते तपासलं, अजून डायलिसिसवर न गेलेल्या. २०१२ मध्ये अभ्यास मधेच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याच्या घटना वाढल्या. त्याही आधी, १९९४ मध्ये, फिनलंडच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला होता. अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, हे गृहीतक तिथेच मोडलं.

आणि लोहाचं काय झालं? ब्रिटनमधल्या ५० केंद्रांतला ‘पिव्हटल’ हा अभ्यास, इयान मॅकडूगल यांच्या नेतृत्वाखाली, २०१९ च्या आरंभी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. नुकतंच डायलिसिस सुरू झालेले २१४१ रुग्ण. एका गटाला दर महिन्याला ४०० मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज, मात्र फेरिटिन ७०० च्या वर गेलं किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलं आहे ते) ४० टक्क्यांना पोचलं की बंद. दुसऱ्या गटाला फेरिटिन २०० च्या किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली आल्यावरच. सरासरी दोन वर्षांहून थोडा अधिक काळ पाठपुरावा. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदय निकामी होऊन दाखल होणं किंवा मृत्यू, यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण भरपूर लोह मिळालेल्या गटात २९.३ टक्के, हात राखून दिलेल्या गटात ३२.३ टक्के. संसर्गाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. भरपूर लोहाच्या गटाला एरिथ्रोपोएटिन सुमारे एक पंचमांशाने कमी लागलं आणि रक्तही कमी जणांना चढवावं लागलं.

लोह हे विष असतं तर ते इथे दिसायला हवं होतं. दोन हजारांवर माणसं, दोन वर्षं, आणि जास्त लोह मिळालेली माणसं कमी आजारी पडली. फेंटनची क्रिया खरी आहे, इंजेक्शननंतर काही तास एमडीए वाढत असेल हेही खरं, पण ज्याच्यासाठी आपण हे सगळं मोजतो त्या माणसाचं त्याने नुकसान झालं नाही. या अभ्यासाची मर्यादाही सांगतो: ७०० च्या वर लोह देत राहायला यात कुठेही परवानगी नाही. फ्रान्समधल्या त्या यकृतांचा इशारा तिथे लागू होतो आणि तो पाळलाच पाहिजे.

एरिथ्रोपोएटिन कमी लागलं हा मुद्दा पैशापुरता नाही, जरी एकेक इंजेक्शन विकत घेणाऱ्या कुटुंबाला पैशाचाही भार जड असतो. लोह नसेल तर एरिथ्रोपोएटिनला लाल पेशी घडवायला कच्चा मालच मिळत नाही. हिमोग्लोबिन हलत नाही, मग डोस वाढवत नेतात. या औषधाने हिमोग्लोबिन फार वर खेचण्याचे परिणाम आपण पाहिले आहेत: १९९८ मध्ये छापलेल्या अमेरिकी अभ्यासात हृदयविकार असलेल्या १२३३ डायलिसिस रुग्णांचं हिमॅटोक्रिट निरोगी माणसाइतकं करायला गेले आणि धोका वाढताना दिसल्याने अभ्यास मधेच बंद करावा लागला. गेल्या पंचवीस वर्षांत ‘डोस कमीत कमी, लोह पुरेसं’ ही दिशा ठरली ती या अनुभवातून.

आता त्या भीतिदायक फेरिटिनबद्दल. फेरिटिन लोहाचा साठा सांगतं, आणि सूजही सांगतं. मानेतल्या कॅथेटरमध्ये जंतू बसले, पायाला जखम चिघळली, यकृताचा हिपॅटायटिस असला की साठा तेवढाच असताना फेरिटिन वाढतं. म्हणून ते एकट्याने वाचायचं नसतं. त्याच रिपोर्टवर सीरम आयर्न आणि टीआयबीसी असतं. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि शंभराने गुणा, की सॅच्युरेशन मिळालं. आयर्न ४०, टीआयबीसी २५० असेल तर सॅच्युरेशन १६ टक्के. या रुग्णाचं फेरिटिन ६२० असलं तरी हाडांच्या मगजाला लोह मिळत नाहीये. साठा कोठारात आहे, कोठाराला हेप्सिडिनचं कुलूप आहे. अमेरिकेतल्या ‘ड्राइव्ह’ अभ्यासात (२००७) अशाच १३४ रुग्णांना घेतलं होतं, फेरिटिन ५०० ते १२००, सॅच्युरेशन २५ टक्क्यांपर्यंत. शिरेतून एक ग्रॅम लोह दिलेल्यांचं हिमोग्लोबिन १.६ ग्रॅमने वाढलं, न दिलेल्यांचं १.१ ने. मूत्रपिंडविकारांच्या उपचारांसाठी सूचना काढणाऱ्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी साधारण मर्यादा फेरिटिन ५०० आणि सॅच्युरेशन ३० टक्के अशी घातली आहे आणि अंगात संसर्ग भडकलेला असताना लोह टाळा असं बजावलं आहे. ताप असताना नर्सने लोह लावलं नाही तर ती बरोबरच करते आहे.

ऑक्सिडीकरणाचा ताण खरोखर कमी करायचा आहे? मग तो निर्माण कुठे होतो तिकडे बघा. शिरेतून लोहाचा थेंबही न मिळालेल्या, डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णांतही तो आढळतो, कारण मूळ युरेमियात आहे. त्यावर भर घालतं आरओच्या पाण्यातलं एंडोटॉक्सिन, फिल्टरच्या पडद्याशी रक्ताचा संपर्क आणि महिनोन्‌महिने न काढलेलं कॅथेटर. अतिशुद्ध पाण्याने डायलिसिस केलं तर सूज दाखवणारे आकडे खाली येतात, हे एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं आहे. फिस्टुला वेळेवर करून कॅथेटर काढलं तर संसर्गाचं मोठं दार बंद होतं. आठवड्याला दोनाऐवजी तीन वेळा डायलिसिस झालं तर विषारी द्रव्यं कमी साचतात. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत यंत्रं आली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. या केंद्रांच्या पाण्याची एंडोटॉक्सिन चाचणी दर महिन्याला होते का, तिचा अहवाल भिंतीवर लागतो का, यासाठी आवाज उठवायला हवा. गव्हांकुराच्या रसावर खर्ची पडणारी कळकळ तिथे लागली तर रुग्णांचं भलं होईल.

लोह बंद केलं तर पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे जुन्या डॉक्टरांना विचारा. १९८९ मध्ये एरिथ्रोपोएटिन बाजारात येण्याआधी डायलिसिसचा रुग्ण रक्ताच्या पिशव्यांवर जगत असे. प्रत्येक पिशवीत दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह, आणि ते बाहेर टाकायची शरीरात सोय नाही. अनेकांचं फेरिटिन हजारांत जायचं, यकृत आणि हृदय लोहाने भरायचं, हिपॅटायटिस पसरायचा. म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या मोजक्या इंजेक्शनला घाबरून रक्त चढवायची वेळ आणली, तर शरीरात जाणारं लोह कमी होत नाही, उलट वाढतं. आणि रक्ताबरोबर परक्या पेशी येतात, त्यांच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं. मग प्रत्यारोपणासाठी आई किंवा बहीण मूत्रपिंड द्यायला तयार असली तरी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतो. चाळिशीच्या आतल्या रुग्णासाठी हे नुकसान भरून न येणारं आहे.

म्हणून डायलिसिसवरच्या प्रत्येक माणसाला आणि त्याच्या घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोणी लोह बंद करायला सांगितलं तर गेल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट काढा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन, सॅच्युरेशन हे तीन आकडे आपल्या नेफ्रॉलॉजिस्टसमोर ठेवून विचारा. फेरिटिन खूप वर असेल तर तेच लोह थांबवतील. पण त्यांच्याशी न बोलता, एखाद्या अँटिऑक्सिडंटच्या गोळीच्या भरवशावर, लागलेली बाटली काढायला लावू नका.